देवयानीतील तरुण आणि वृद्ध तारे

नोव्हेंबरमध्ये, चांदणे नसलेल्या रात्री, शर्मिष्ठेच्या दक्षिणेला एक धूसर ठिपका नुसत्या डोळ्यांनी दिसतो. ही देवयानी दीर्घिका, आपल्यापासून सुमारे २५ लाख प्रकाशवर्षे दूर. तिच्यातील ताऱ्यांची वये इथे बसून कशी ओळखायची? वर्गात हा प्रश्न जरूर विचारून पाहावा.

लोखंड तापते तसे लाल, पिवळे, मग पांढरे होते. ताऱ्यांचेही तसेच आहे. सूर्याच्या पृष्ठभागाचे तापमान सुमारे ५८०० केल्विन असते. त्याच्या वीसपट वस्तुमानाचा तारा ३०,००० केल्विनच्याही वर असतो व बहुतांश ऊर्जा जंबुपार किरणांत उधळतो. असा तारा सुमारे एक कोटी वर्षांत संपतो. सूर्याची शिदोरी १००० कोटी वर्षे पुरते. म्हणून जेथे जंबुपार प्रकाश, तेथे ताऱ्यांचा जन्म नुकताच झालेला, असा ढोबळ नियम आपण मांडतो.

रंग बदलला की दीर्घिका कशी वेगळी दिसते, हे वॉल्टर बाडे यांनी दाखवले. महायुद्धामुळे लॉस एंजलिसचे दिवे मंद केलेले होते. जर्मन असल्याने बाडे युद्धकार्यातून वगळलेले होते, त्यामुळे माउंट विल्सनची १०० इंची दुर्बीण त्यांना भरपूर मिळाली. निळ्या प्रकाशात देवयानीचे केंद्र नुसते धुक्यासारखे उमटे. १९४३ साली लाल प्रकाश टिपणाऱ्या काचांवर मात्र त्यात सुटे तारे दिसले. १९४४ साली बाडे यांनी ताऱ्यांचे दोन वर्ग केले: सर्पिल बाहूंतील निळे आणि केंद्राजवळील लाल. हा फरक बराचसा वयाचा आहे, हे पुढे कळले.

पण लाल म्हणजे वृद्धच असे नाही. मावळतीचा सूर्य हवेमुळे लाल दिसतो, तसा धुळीआडचा तरुण ताराही लालसर दिसतो. येथे अवरक्त किरण मदतीला येतात. ताऱ्यांच्या उजेडाने तापलेली धूळ २४ मायक्रोमीटर तरंगलांबीला चमकते. स्पिट्झर दुर्बिणीच्या चित्रात देवयानीभोवती सुमारे ३३,००० प्रकाशवर्षे त्रिज्येचे धुळीचे रिंगण दिसते. ३.६ मायक्रोमीटरला तीच दीर्घिका गुळगुळीत तबकडीसारखी भासते, कारण तेथे वृद्ध ताऱ्यांचा प्रकाश भारी पडतो. २०१५ साली सोडलेल्या ॲस्ट्रोसॅट या भारतीय उपग्रहावरील जंबुपार दुर्बिणीनेही देवयानी टिपली आहे. त्या दुर्बिणीच्या उभारणीत पुण्याच्या आयुकाचाही वाटा होता.

आता गंमत अशी, की देवयानीचे वृद्ध केंद्रही जंबुपार प्रकाशात मंद चमकते! बाहेरचे थर गमावलेल्या म्हाताऱ्या ताऱ्यांचे उघडे पडलेले, अतितप्त गाभे तेथे आहेत. हबल दुर्बिणीने ते सुटे ओळखले. म्हणून जंबुपार उजेड दिसला, की त्याच जागी तापलेली धूळ आहे का, हे आम्ही अवरक्त चित्रात आधी पाहतो.