शेळ्या, गाळ आणि पाण्याचा वाटा

चंदीगडला गेलेला पाहुणा संध्याकाळी सुखना तलावावर फेरफटका मारल्याशिवाय परतत नाही. शिवालिकच्या टेकड्यांतून उतरणारा ओढा अडवून १९५८ मध्ये हा तलाव तयार झाला. नव्या शहराचे ते कौतुकाचे ठिकाण! पण वीस वर्षेही झाली नाहीत तोच निम्म्याहून अधिक तलाव गाळाने भरून गेला. दर पावसाळ्यात येणारे पाणी लालसर, गढूळ. उपसून उपसून गाळ किती उपसणार?

जमीन व जलसंधारणाच्या केंद्रीय संशोधन संस्थेतले शास्त्रज्ञ पी. आर. मिश्रा गाळाचा माग काढत निघाले आणि हरियाणातल्या सुखोमाजरी या छोट्या गावी पोहोचले. टेकड्या पार बोडक्या झालेल्या. गावाची शेती पावसाच्या भरवशावर. ती पिकली नाही तर आधार शेळ्यांचा. शेळ्या टेकडीवर चरत, सरपणही तिथूनच येई. मग पावसाच्या प्रत्येक सरीबरोबर उघडी माती थेट तलावात!

मिश्रांच्या चमूने झाडे लावली, चर खणले, ओघळी अडवल्या. गावकऱ्यांना त्याचे सोयरसुतक नव्हते. त्यांचा प्रश्न रोखठोक होता. शहरवाल्यांच्या तलावासाठी आम्ही शेळ्या बांधून ठेवायच्या, मग आमच्या पोरांनी खायचे काय?

उत्तर सापडले ते पाण्यात. माती अडवण्यासाठी १९७६ मध्ये गावाजवळ मातीचा छोटा बंधारा घातला गेला. पुढे पावसाने दगा दिला, गहू करपू लागला, तेव्हा साठलेले पाणी शेतात सोडले आणि पीक वाचले. आता गावकरीच आणखी बंधारे मागू लागले. अट एकच होती. टेकडीवर मोकाट चराई बंद!

पाणी सगळ्यांचे

पण नवीच अडचण उभी राहिली. ज्यांना जमीन नाही किंवा ज्यांच्या शेतापर्यंत पाणी पोहोचत नाही, त्यांनी शेळ्या का आवराव्यात? एकाच घराने शेळ्या सोडल्या तरी सगळ्यांच्या कष्टांवर पाणी पडणार होते. तेव्हा गावाने ठरवले की पाण्यात प्रत्येक घराचा वाटा सारखा. ज्याला नको, त्याने आपला वाटा दुसऱ्याला विकावा. त्याच दशकात पुरंदर तालुक्यातल्या नायगावी विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायतीतून हेच तत्त्व मांडले. पाणी जमिनीच्या मापाने नव्हे, माणसांच्या मापाने, भूमिहीनालाही हक्क.

सुखोमाजरीत मग टेकडीला कुंपणाची गरज उरली नाही. गावच राखणदार झाले. चारा वाढला, दोर वळायला आणि कागदाला लागणारे भाबर गवत माजले. त्याचा मक्ता बाहेरच्या ठेकेदाराऐवजी गावच्या सोसायटीला मिळू लागला. शेळ्या घटल्या, दारात म्हशी आल्या, दूध वाढले. आणि या बाजूने सुखना तलावात जाणारा गाळही झपाट्याने कमी झाला.

सगळेच गोड झाले असे नाही. पुढे काही बंधारे स्वतःच गाळाने भरले. गवताच्या उत्पन्नाच्या वाटणीवरून वनखाते आणि गाव यांच्यात कुरबुरी झाल्या. वाटा घटला की राखणदाराचा जीवही कामात रमत नाही, हेही याच गावाने दाखवले.

आपण घरात नळ सोडतो, तेव्हा वरच्या डोंगरावर कुणाची तरी गुरे चरत असतात, कुणाचे तरी शेत नांगरले जात असते. ते पाणी नितळ यावे असे वाटत असेल, तर त्या माणसाला नुसता उपदेश करून भागणार नाही. त्याच्या पदरात काय पडते, हेही पाहावे लागेल.