एकोणिसावा म्हणजे नेमका किती मागे?

मागच्या वेळी आपण ‘माप’ या कल्पनेपाशी थांबलो होतो. व्याख्यान संपल्यावर खाली जिन्यात एका तरुण श्रोत्याने मला गाठलं आणि विचारलं, “सर, मोजलं म्हणजे कळलं, असं म्हणायचं का?” तेव्हा मी त्याला उत्तर दिलं नाही. आज देतो, पण एका शर्यतीच्या आधाराने. तत्त्वज्ञानाचा मास्तर धावण्यावर बोलणार म्हटल्यावर मागच्या रांगेत हसू उमटलंय, ते मला दिसतंय. हरकत नाही.

साल १९२०. आपण बसलोय तो हा डिलाईल रोड तेव्हा गिरण्यांचा रस्ता होता. त्या वर्षाच्या सुरुवातीला मुंबईच्या गिरण्यांत मोठा संप झाला होता. आज या रस्त्याला ज्यांचं नाव आहे ते ना. म. जोशी आणि त्यांचे सहकारी कामगारांची अखिल भारतीय संघटना उभी करत होते. ऑक्टोबरअखेर आयटकचं पहिलं अधिवेशन मुंबईतच भरलं. आणि त्याच वर्षी याच शहरातून सहा खेळाडू बोटीने विलायतेला निघाले होते. बेल्जियममध्ये ॲन्टवर्पला ऑलिंपिक होतं. चार धावणारे आणि दोन पैलवान, एवढाच संघ.

हे घडलं कसं, ते थोडक्यात सांगतो. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याचे अध्यक्ष सर दोराबजी टाटा. जिमखान्याच्या स्पर्धांत त्यांनी शेतकरी घरातली मुलं अनवाणी पळताना पाहिली. शास्त्रशुद्ध शिक्षण नाही, नियमांची फारशी माहिती नाही, पण घड्याळात पाहावं तर वेळ युरोपातल्या धावपटूंच्या जवळपास. म्हणजे घड्याळ नसतं तर हे कुणाला कळलंच नसतं. मोजण्याच्या बाजूचा हा पहिला मुद्दा लक्षात ठेवा. मग गव्हर्नर सर जॉर्ज लॉईड यांचा पाठिंबा मिळवून, स्वतःच्या खिशाला चांगली चाट लावून दोराबजींनी संघ पाठवला.

त्यात होते बेळगावचे फडेप्पा दरेप्पा चौगुले. नाव बघा कसं आहे. फडेप्पा, दरेप्पा हे कानडी वळणाचं, आणि चौगुला म्हणजे आपल्या गावगाड्यातला पाटलाचा मदतनीस. बेळगावच्या मातीत या दोन्ही गोष्टी एका माणसात सहज नांदतात, भांडणं नंतर आली. असो.

२२ ऑगस्टला मॅरेथॉन झाली. हवा थंड, पाऊस भुरभुरत होता. ४८ जण सुटले. त्यात फिनलंडचा हान्नेस कोलेहमाइनेन होता, ज्याने १९१२ साली स्टॉकहोमला लांब पल्ल्याच्या शर्यतींत तीन सुवर्णपदकं मिळवली होती. दक्षिण आफ्रिकेचा गिटशॅम त्याच्याबरोबर पुढे होता, पण त्याचा बूट फाटला आणि त्याने शर्यत सोडली. अनवाणी पळणाऱ्यांच्या देशातून आपण ही गोष्ट ऐकतो तेव्हा जरा गंमत वाटते. कोलेहमाइनेन जिंकला, २ तास ३२ मिनिटं ३५.८ सेकंद. एस्टोनियाचा लोसमान त्याच्यामागे १२.८ सेकंदांनी. आपले चौगुले २ तास ५० मिनिटं ४५.४ सेकंदांत आले. क्रमांक एकोणिसावा.

आता ‘एकोणिसावा’ म्हटल्यावर तुमच्या मनात काय आलं, ते प्रामाणिकपणे तपासा. आपल्याकडे पहिला, दुसरा, तिसरा. पुढचे सगळे उत्तेजनार्थ, आणि एकोणिसावा तर त्यातही नाही. क्रमांक फक्त एवढंच सांगतो की आधी अठरा जण आले होते. ते किती आधी आले, याबद्दल तो मुका असतो.

म्हणून अंतर बघू. विजेत्याने फीत तोडली तेव्हा चौगुल्यांना, त्यांच्या सरासरी वेगाने धरलं तर, साधारण साडेचार किलोमीटर जायचं होतं. म्हणजे एक जण इथे लोअर परळला पोचलाय आणि दुसरा अजून माटुंगा-माहीमच्या मध्ये आहे. हे अंतर लहान नाही. ‘थोडक्यात हुकलं’ असं कुणी सांगत असेल तर ते खरं नाही, आणि आपल्या माणसाबद्दल खोटं कौतुक करण्यात त्याचा मान नाही.

पण आता दुसरं माप लावा. ती शर्यत ४२.७५ किलोमीटरची होती. आजचं ४२.१९५ हे अंतर लंडनच्या १९०८च्या शर्यतीतलं. ते कायमचं ठरलं १९२१ साली. त्याआधी ऑलिंपिकमधलं अंतर बदलत असे. म्हणजे चौगुले आजच्या मॅरेथॉनपेक्षा ५५५ मीटर जास्त धावले. चर्चगेटहून जवळजवळ भाईंदर. दर किलोमीटरला सरासरी चार मिनिटं, तेही अडीच तासांहून जास्त वेळ. त्याच वेगाने आजचं अंतर धरलं तर २ तास साडेअठ्ठेचाळीस मिनिटं होतात. दर जानेवारीत मुंबई मॅरेथॉनला पळणारे इथे काही जण आहेत, त्यांनी आपापली वेळ आठवावी! मी विचारणार नाही.

म्हणजे बघा, एकच माणूस, एकच धाव. क्रमांकाने तो हरलेला दिसतो, विजेत्यापासूनच्या अंतराने बराच मागे दिसतो, आणि वेगाने पाहिलं तर आजही मान वर करून पाहावं असा. तिन्ही मापं खरी आहेत, कुणी फसवत नाहीये. फसतो आपण, कारण माप उचलताना आपण कोणता प्रश्न विचारला होता तेच विसरतो. त्या तरुण मित्राला माझं उत्तर असं की मोजलं म्हणजे कळलं खरं, पण जे विचारलं होतं तेवढंच कळलं.

आता एक अडचण मीच मांडतो. त्याच शर्यतीत आपला आणखी एक धावपटू होता, सदाशिव दातार. त्यांनी शर्यत पूर्ण केली नाही. निकालाच्या कागदावर त्यांच्या नावापुढे ना वेळ, ना क्रमांक. तेही मुंबईहून त्याच बोटप्रवासाला निघाले होते, त्याच पावसात त्याच रेषेवरून सुटले होते, आणि काही अंतर नक्कीच पळाले होते. ते अंतर शेवटच्या रेषेवरच्या घड्याळाच्या हिशेबात येत नाही. याला कोणतं माप लावायचं? माझ्याकडे तयार उत्तर नाही. तुमच्याकडे असेल तर प्रश्नोत्तरांत सांगा. माईक आधी मागच्या रांगेत द्या, हसणाऱ्यांकडे.