दोन होले आणि बेटांचा पट

अंगणात दाणे टिपणारा होला आपल्या ओळखीचा. त्याचे मॅक्रोपायजिया प्रजातीतले नातेवाईक मात्र बहुतेक वेळ जंगलातल्या झाडांवरच असतात. तांबूस-तपकिरी अंग आणि लांबलचक, निमुळती शेपटी ही त्यांची खूण. घड लागलेल्या बारीक फांदीवर असा होला उतरला की फांदी वाकते. मग शेपटी पसरून तो तोल सावरतो, मान ताणून एकेक फळ तोडतो आणि सबंध गिळतो. काटक्यांच्या विरळ घरट्यात बहुधा एकच अंडे घालतो.

विल्यम स्वेन्सन यांनी 1837 मध्ये ही प्रजाती वेगळी केली. हिमालयापासून पूर्व ऑस्ट्रेलिया आणि व्हानुआटूपर्यंत तिच्या डझनभराहून अधिक जाती आढळतात. आपल्या ईशान्य भारतात पट्टेरी कक्कू-डव्ह आहे, तर अंदमान कक्कू-डव्ह अंदमान-निकोबारखेरीज जगात कुठेही नाही.

या प्रजातीतल्या दोन छोट्या जातींनी परिसरशास्त्रात मोठा वाद पेटवला. न्यू गिनीच्या पूर्वेला बिस्मार्क द्वीपसमूह आहे. जॅरेड डायमंड यांनी तिथल्या पक्ष्यांच्या नोंदी नकाशावर मांडल्या. काही बेटांवर ‘मॅकिन्लेयी’ जात होती, काहींवर ‘नायग्रिरोस्ट्रिस’. दोन्ही एकत्र मात्र एकाही बेटावर नव्हत्या. बुद्धिबळाच्या पटावर काळी-पांढरी घरे असावीत, तशी बेटे वाटली गेली होती.

डायमंड यांनी 1975 मध्ये याचा अर्थ लावला: दोघींचा आकार आणि आहार जवळपास सारखा, त्यामुळे स्पर्धा अटळ. जी आधी येऊन पसरली तिचे बेट. मागून आलेलीला तिथे पाय रोवता येत नाही. मॅकिन्लेयी तर हाडाची भटकी. समुद्र ओलांडून लहान किंवा ज्वालामुखीने उजाड केलेली बेटे ती चटकन गाठते. जिथे पक्ष्यांची दाटी असते तिथे तिचा निभाव लागत नाही.

1979 मध्ये एडवर्ड कॉनर आणि डॅनियल सिम्बरलॉफ यांनी थेट मुळालाच हात घातला. शेकड्याहून अधिक जाती बेटांवर चिठ्ठ्या टाकून वाटल्या, तरी काही जोड्या निव्वळ योगायोगाने कधीच एकत्र येणार नाहीत. मग स्पर्धेचा पुरावा कुठे? डायमंड आणि मायकेल गिल्पिन यांनी 1982 मध्ये उत्तर दिले: एकमेकांशी काही देणेघेणे नसलेले पक्षी एकाच हिशोबात घातले की खरी स्पर्धा त्यात विरून जाते. तुलना एकाच अन्नावर जगणाऱ्यांची हवी.

वाद पुढे कित्येक वर्षे चालला, पण त्याने एक शिस्त लावली. नुसता नकाशा पाहून कारण सांगायचे नाही; तो नकाशा योगायोगाने तयार होण्याची शक्यता किती, हे आधी मोजायचे. आज परिसरशास्त्रात ही तपासणी रुळली आहे. माझ्या मते दोन होल्यांची ही देणगी मोठी आहे.

आणि हा सगळा हिशोब उभा आहे तो ‘इथे हा पक्षी नाही’ या नोंदीवर. म्हणून पक्षीनिरीक्षकांना एक विनंती: फक्त दुर्मीळ पक्ष्याची नोंद करून थांबू नका. किती वेळ पाहिले ते लिहा, आणि ओळखता आलेल्या प्रत्येक पक्ष्याची यादी पूर्ण करा. काय दिसले नाही, हे त्या यादीवरूनच कळते.