आजीचा फोन कट करू नका!

लोकलने दिवा सोडलं की कोपरला उतरणाऱ्यांची दाराकडे सरकायची धडपड सुरू होते. त्या गर्दीत फोन वाजला. आजी. कट केला. पुन्हा वाजला, पुन्हा कट. शेवटी प्लॅटफॉर्मवर उतरून उचलला तर म्हणाली, "अगं, आज रात्री आपली लाइट कापणारेत. साहेबांनी एक अ‍ॅप घ्यायला सांगितलंय. घेऊ का?"

नशीब, तिने विचारलं!

बिल तर मीच भरलं होतं. तिला आलेला मेसेज मात्र एकदम 'सरकारी': बिल अपडेट नाही, रात्री साडेनऊला वीजपुरवठा खंडित होईल, अधिकाऱ्यांशी बोला. खाली मोबाइल नंबर. तिथे फोन केला की एक अ‍ॅप घ्यायला लावतात. त्यातून आपल्या फोनची स्क्रीन समोरच्याला दिसते. मग 'फक्त दहा रुपये भरा' म्हणायचं आणि आपण टाकलेले आकडे टिपायचे. महावितरणने याबद्दल कितीदा तरी सावध केलंय. कुणाच्या वैयक्तिक मोबाइलवर संपर्क करा, असं महावितरण सांगत नाही. शंका आलीच तर १९१२ आहे.

डोंबिवलीकरांना फसवणूक नवी नाही. ऑक्टोबर २०१९ मध्ये, ऐन दिवाळीच्या तोंडावर गुडविन ज्वेलर्सच्या दुकानांची शटर्स खाली आली. कुणी सोन्यासाठी दरमहा हप्ते भरले होते, कुणी जास्त व्याजासाठी ठेवी ठेवल्या होत्या. पण निदान ती माणसं बंद शटरसमोर एकत्र जमली, रामनगर पोलीस ठाण्यात गेली. फोनवर फसणारा माणूस घरात एकटा असतो. 'डिजिटल अरेस्ट'मध्ये तर व्हिडिओ कॉलवरच्या तोतया पोलिसाचा पहिला हुकूमच असतो, 'घरात कुणाला सांगायचं नाही.' कायद्यात अशी अटकच नाही. २७ ऑक्टोबर २०२४ च्या 'मन की बात'मध्ये पंतप्रधानांनीही हे सांगितलं होतं.

आता माझी चूक. त्या संध्याकाळी घरी जाऊन मी आजीवर जाम ओरडले. "तुला काही कळत नाही, फोनला हातच लावू नकोस!" दोन आठवड्यांनी ती शेजारच्या काकूंना कुठलासा मेसेज दाखवताना दिसली. हळूच म्हणत होती, "नातीला सांगू नका हं, ओरडते."

कुणाला सांगू नका. चोराचं वाक्य आजीच्या तोंडी मी घातलं होतं! तो तिच्याशी अर्धा तास 'आई, आई' करत गोड बोलतो आणि आपल्याकडे पाच मिनिटं नसतात.

तर दोस्तांनो, या रविवारी एवढं करा. घरात एकच नियम ठरवा: पैसे, ओटीपी किंवा अ‍ॅपचा विषय निघाला की फोन ठेवायचा आणि आपल्याला लावायचा. यूपीआयला जोडलेल्या खात्यात महिन्याच्या खर्चापुरतेच पैसे ठेवा. १९३० हा सायबर फसवणुकीचा हेल्पलाइन नंबर मोठ्या अक्षरात लिहून फ्रिजवर लावा.

आणि पैसे गेलेच तर? आधी ओरडू नका, आधी १९३० लावा. चोर पैसे एका खात्यातून दुसऱ्यात फिरवत असतो. तक्रार लवकर गेली तर वाटेतच रक्कम रोखता येते. बँकेलाही लगेच कळवा. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या नियमांनुसार, कळवल्यानंतरही खात्यातून परस्पर पैसे गेले तर ते नुकसान बँकेचं. 'कशी फसलीस?' हा प्रश्न नंतर विचारा. नाही विचारलात तरी चालेल.

हल्ली मी आजीचा फोन दाराच्या गर्दीतही उचलते. परवा धडधडत्या छातीने उचलला तर म्हणाली, "काही नाही गं, येताना कोथिंबीर आण."

आणली.