चित्रातला ढोल, घरातली हलगी आणि पोरांचा अभ्यास

आज जरा पोरांच्या अभ्यासाबद्दल बोलूया.

"आम्हाला कुठं वाचता येतंय, आम्ही काय अभ्यास घेणार?" हे वाक्य मला जवळजवळ प्रत्येक गटात ऐकायला मिळतं. कुणाचा हप्ता किती थकला, व्याज किती झालं, हे वही न उघडता तोंडी सांगणारी बाई पोराचं दप्तर समोर आलं की गप्प बसते. पुस्तकात अक्षरं असतात आणि अक्षरं आपली नाहीत, असं ती धरून चालते. पोरगंही ते बघतं. दुसरी-तिसरीपर्यंत त्याला कळून चुकतं की आईला हे विचारण्यात अर्थ नाही. मग ते विचारायचंच सोडतं.

म्हणून आजचा विषय आहे चित्रांची पुस्तकं. त्यातही गाण्या-वाजवण्यावरची. त्यात चित्र पानभर असतं आणि अक्षरं दोन-तीन ओळींची. शिवाय ढोल, टाळ, संबळ, ओवी यांबद्दल शाळेची पायरी न चढलेल्या बाईला जेवढं ठाऊक असतं तेवढं शिकलेल्यालाही नसतं. म्हणजे या एका पुस्तकापुरती आई पुढं असते आणि पोरगं तिच्या मागं.

एक गोष्ट घेऊ. ए. के. रामानुजन यांनी भारतभरच्या लोककथांचा एक संग्रह केला, तो 1991 साली निघाला. त्यात ढोलाची एक गोष्ट आहे. पुढं ती चित्रपुस्तकातही आली. एक गरीब बाई, लोकांच्या घरी दळणकांडण करणारी. तिच्या पोराला ढोल हवा असतो. पैसे कुठले? वाटेत सापडलेलं एक लाकूड ती त्याला आणून देते. पोरगं ते घेऊन निघतं. एका म्हातारीची चूल पेटत नसते, नुसता धूर. पोरगं लाकूड देतं, म्हातारी भाकरी देते. पुढं कुंभारणीचं लेकरू भुकेनं रडत असतं. पोरगं भाकरी देतं, त्याला मडकं मिळतं. नदीवर परीट आणि परटीण भांडत असतात, कारण कपडे उकळायचं मडकं फुटलेलं. मडकं दिलं, कोट मिळाला. पुढं चोरांनी लुबाडलेला एक माणूस उघडा कुडकुडत असतो. त्याला कोट दिला, त्यानं घोडा दिला. आणि शेवटी एक वरात झाडाखाली अडून बसलेली, कारण नवरदेवाचा घोडा आलाच नाही. घोडा दिला, आणि वाजंत्र्यानं आपला ढोल पोराच्या हातात ठेवला.

आता या गोष्टीत अभ्यास कुठं आहे ते बघा. लाकूड, भाकरी, मडकं, कोट, घोडा, ढोल. सहा वस्तू, पाच अदलाबदली. अंगणवाडीतलं लेकरू चित्रं बघून हा क्रम सांगतं. कशानंतर काय आलं ते सांगता येणं ही भाषेची पहिली पायरी आहे. पहिली-दुसरीचं पोर प्रत्येक चित्राखाली एक शब्द लिहितं. तिसरी-चौथीच्या पोराला विचारा, की कोटाच्या बदल्यात घोडा, हा सौदा बरोबर झाला का? पोरं भांडतात यावर, आणि भांडू द्यावं. आपल्या गटातल्या बायांना याचं उत्तर पाठ आहे. दवाखान्याच्या रात्री गटातून मिळालेले पाचशे रुपये आणि सणाच्या आदल्या दिवशी मिळालेले पाचशे रुपये सारखे नसतात. किंमत गरजेवर ठरते. हे अर्थशास्त्र आहे, आणि ते शिकवायला तुमच्याइतकं लायक दुसरं कोण असणार?

म्हातारीची चूल का पेटत नव्हती? गोवऱ्या ओल्या असल्या तर आधी त्यातलं पाणी वाफ होऊन जावं लागतं, उष्णता त्यातच खर्ची पडते आणि धूर होतो. हे विज्ञान. कुंभार, परीट, वाजंत्री, दळणारी बाई, यांच्यातलं एक जरी नसलं तरी गाव अडतं. हा परिसर अभ्यास झाला.

पुस्तक हातात धरायची एक रीत सांगते. पोराला मांडीवर किंवा शेजारी बसवा, समोर नको. पान उलटायच्या आधी थांबा आणि विचारा, "आता काय होईल?" वाचता येत नसेल तर चित्र बघून आपल्या शब्दांत सांगा, छापलेलंच बोललं पाहिजे असं काही नाही. आणि गोष्ट संपल्यावर "मग यातून काय शिकलास?" हा प्रश्न कृपा करून विचारू नका. त्या प्रश्नानं चांगली गोष्टसुद्धा औषधासारखी लागते.

ढोलाच्या पानावर मात्र रेंगाळा. आवाज येतो कुठून? एका वाडग्यावर प्लास्टिकची पिशवी ताणून बांधा, वर तांदळाचे चार दाणे टाका आणि जवळ ताट जोरात वाजवा. वाडग्याला हात न लावता दाणे उड्या मारतात. ताट थरथरलं, त्यानं हवा थरथरली, हवेनं पिशवी. मग पोराला गळ्यावर हात ठेवून "आ" म्हणायला सांगा, तीच थरथर बोटाला लागते. स्टीलचे चार पेले घ्या, कमी-जास्त पाणी भरा, चमच्यानं हळू वाजवा. पाणी जास्त तसा आवाज खाली उतरतो. आता बाटलीत पाणी भरून तोंडावर फुंकर मारा, तर उलटं होतं, पाणी जास्त तसा आवाज चढतो. कारण फुंकताना आतली हवा थरथरते, आणि पाणी वाढलं की हवेला जागा कमी उरते. मोठ्या मुलांना हे कोडं घालून बघा.

आपल्या स्वयंपाकघरातली एक गोष्ट तर पखवाजावरच असते. भजनाआधी मृदंगवाले बुवा डाव्या बाजूच्या पुडीवर गव्हाच्या कणकेचा गोळा थापतात, ते पाहिलंय ना? कणकेच्या वजनानं पुडी सावकाश थरथरते आणि आवाज खोल, भरीव होतो. हलगी वाजवायच्या आधी शेकतात, त्याचंही कारण असंच. कातडं हवेतली ओल पितं आणि सैल पडतं. आचेजवळ धरलं की सुकून ताणलं जातं आणि आवाज खणखणीत निघतो. पावसाळ्यात दोनदा शेकावी लागते.

गणितासाठी टाळ पुरे. आपल्या भजनी ठेक्याच्या मात्रा आठ. दादऱ्याच्या सहा, रूपकाच्या सात, झपतालाच्या दहा, तीनतालाच्या सोळा. पोरांना गोल बसवा आणि आठ टाळ्यांचं एक आवर्तन मोजा. पहिल्या आवर्तनाला आठ, दुसऱ्याला सोळा, तिसऱ्याला चोवीस. आठाचा पाढा तोंडी आलाच. रूपकातले सात हे तीन, दोन, दोन असे तुटतात, झपतालातले दहा दोन, तीन, दोन, तीन असे. सगळी पोरं मोठ्यानं मोजत असताना अर्ध्यांनी दर दुसऱ्या आकड्याला टाळी द्यायची, अर्ध्यांनी दर तिसऱ्या. दोघांची टाळी एकत्र कधी पडते? सहाला, बाराला, अठराला. पाचवी-सहावीत ज्याला लसावि म्हणतात आणि ज्यानं पोरं घाबरतात, तो हाच.

अक्षरांचंही असंच आहे. ण आणि ळ ही अक्षरं शब्दाच्या सुरुवातीला येत नाहीत, म्हणून तक्त्यावर ती बाण आणि बाळ अशी शेवटी लपलेली असतात. वाद्यांत ती उघड वाजतात. तुणतुणं म्हणताना ण दोनदा येतो. टाळ, संबळ, चिपळ्या यांत ळ. ढोल आणि ढोलकी यांत ढ, डफ आणि डमरू यांत ड. ड आणि ढ मध्ये गोंधळणाऱ्या पोराला डफ आणि ढोल ऐकवा, दोन्हींतला फरक कानाला पटकन कळतो.

ही काही नवी टूम नाही. ताराबाई मोडकांनी 1945 मध्ये बोर्डीला काम सुरू केलं, अनुताई वाघ त्यांच्याबरोबर होत्या. मुलं बालवाडीत येत नाहीत म्हटल्यावर बालवाडीच वस्तीच्या अंगणात नेली. महागडी साधनं न आणता शंख-शिंपले, बिया, पानं आणि तिथली गाणी यांवरच शिकवलं. त्याच मुलखातल्या वारली चित्रांत मध्ये तारपा वाजवणारा आणि त्याच्याभोवती वळसे घेत नाचणारी माणसं असतात. सुकवलेला भोपळा, बांबू आणि ताडाचं पान यांपासून तारपा बनतो. माणसाचं डोकं गोल, अंग म्हणजे टोकाला टोक जुळवलेले दोन त्रिकोण. आकार शिकवायला याहून सोपं चित्र मला तरी माहीत नाही, आणि सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठानं ते कुणालाही काढता येतं.

एका भोपळ्यावरून भूगोलही निघतो. सतार-तानपुऱ्याचे कडू भोपळे पंढरपूरच्या परिसरातून मिरजेला जातात. मिरजेत हे काम एकोणिसाव्या शतकात सुरू झालं, पूर्वी हत्यारं घडवणाऱ्या शिकलगार घराण्यांनी ते हाती घेतलं. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. गोव्याचा घुमट म्हणजे मातीचं मडकं, त्याच्या एका तोंडावर पूर्वी घोरपडीचं कातडं लावत. 1972 च्या वन्यजीव कायद्यानं घोरपडीला संरक्षण आहे, म्हणून आता बकरीचं कातडं वापरतात. गोवा सरकारनं 2019 मध्ये घुमटाला राज्याचं वारसा वाद्य ठरवलं. वाद्य राहिलं आणि घोरपडही वाचली, हे पोरांना सांगण्यासारखं आहे.

आता जरा नाजूक बोलते. आपण गावच्या वाद्यांचं पुस्तक करायचं ठरवलं की हलगी येणार, संबळ येणार, आणि त्याबरोबर कोणाच्या घरी काय वाजतं हेही येणार. काही घरांना हलगीचा अभिमान आहे. काही घरांत तिचं नाव काढलेलं आवडत नाही, कारण बोलावलं की जायचं, वाजवायचं आणि लांब बसून जेवायचं, हे त्यांच्या वाडवडलांनी सोसलंय. ठरवून ते काम सोडलेली घरंही आहेत. एका गटात वाद्यांची यादी चालू असताना मागं बसलेली ताई हळूच म्हणाली, "आमचं नका लिहू त्यात." तिचा मुलगा तिसरीत आहे. त्याला वर्गात कशावरून हाक मारतील याची तिला काळजी होती.

त्यामुळं माझं मत स्पष्ट आहे. ज्याच्या घरी हलगी आहे त्याच पोराला वाजवायला उभं करायचं नाही, तसं केलं तर जुनीच उतरंड आपण पुन्हा मांडली. हलगी सगळ्या पोरांच्या हातात पाळीपाळीनं द्या, पाटलाच्या नातीच्याही. घरात विचारल्याशिवाय कुणाचं नाव चित्राखाली लिहू नका. आणि वाजवणाऱ्याला शिकवायला बोलावलं तर खुर्ची द्या, चहा सगळ्यांबरोबर द्या, आणि गटाच्या खर्चातून मानधन द्या. बाहेरचा पाहुणा आला तर देतो ना? त्या ताईनं पुढच्या बैठकीत होकार दिला. पण अट घातली, की चित्रात हलगी मुलीच्या हातात दाखवायची. तशीच दाखवली.

ओव्यांचं पान विसरू नका. हेमा राईरकर आणि गी पॉइटवॅं यांच्या गटानं महाराष्ट्रातल्या गावोगावच्या बायांकडून जात्यावरच्या लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या, त्या 'पारी' या संकेतस्थळावर ऐकायलाही मिळतात. तुमच्या सासूला, आजीला येणाऱ्या ओव्या मोबाईलवर ध्वनिमुद्रित करा, पोराला एक लिहून काढायला सांगा. आजी सांगते आणि नातू लिहितो, यात दोघांचाही अभ्यास होतो.

तयार पुस्तकं हवी असतील तर प्रथम बुक्सचं 'स्टोरीवीव्हर' हे संकेतस्थळ 2015 पासून आहे. मराठी चित्रपुस्तकं तिथं फुकट वाचता येतात, उतरवून छापताही येतात. नॅशनल बुक ट्रस्टची पुस्तकं स्वस्त असतात, पुण्याच्या ज्योत्स्ना प्रकाशनाची चित्रं देखणी असतात. गटानं मिळून चार-पाच घ्यावीत आणि बैठकीच्या दिवशी घरोघर फिरवावीत, कर्जासारखी वहीत नोंद करून.

आणि स्वतःचं पुस्तक करायचं तर जुन्या कॅलेंडरच्या कोऱ्या बाजू वापरा, कागद जाड असतो. आठ पानं पुरेत. एका पानावर एकच वाद्य, मोठं. खाली नाव, ते कशाचं बनतं, आणि त्याचा आवाज पोराला जसा ऐकू येतो तसा, त्याच्याच अक्षरात. पानं शिवताना सुतळी घेऊ नका, कागद फाटतो. गोधडीचा दोरा दुहेरी करून घ्या.