दुकान बंद, मोबाईल चालू

रात्री ९ वाजता आम्ही विचुंब्यात दुकानाचे शटर ओढतो, पण धंदा मोबाईलमधून घरी येतो. दस्तरखानावर बसलो तरी व्हॉट्सअ‍ॅपवर सूट-पीसचे फोटो आणि भावाची चौकशी चालूच. झोपेच्या गुंगीत भावातला एक आकडा चुकला की नफा गेला. राग निघतो तो बायको-मुलांवर.

सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने ऑगस्ट २०२२ पासून यावर तोड काढली. सायंकाळी ७ वाजता मंदिरावरील भोंगा वाजला की दीड तास मोबाईल व टीव्ही बंद. हेतू मुलांच्या अभ्यासाचा. पण धडा आपल्यालाही आहे.

व्यापारी बंधूंनो, 'गिऱ्हाईक तुटेल' ही भीती आम्हालाही होती. त्यावर सोपा उपाय आहे. व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसमध्ये दुकानाची वेळ भरून ठेवता येते. त्या वेळेबाहेर निरोप आला की आपण लिहून ठेवलेले उत्तर आपोआप जाते : 'दुकान बंद आहे, सकाळी १० वाजता भाव कळवू.' फार निकड असेल तो फोन करील.

भोंग्याची वाट कशाला पाहायची? इशाची अजान आपल्याला रोज ऐकू येते. नमाजनंतरचा वेळ घरच्यांचा. रोजी देणारा अल्लाह आहे, मोबाईल नव्हे.