दोन दवाखाने, एक दुचाकी

माझा भाचा घुग्घुसला येतो तेव्हा त्याच्या दुचाकीवर कोळशाची धूळ असते. तो प्राथमिक आरोग्य केंद्रात औषधनिर्माण अधिकारी. शेजारच्या केंद्राचा अतिरिक्त कार्यभारही त्याच्याकडेच. ‘मामू, पगार एक, पेट्रोल दोन जागचे,’ तो म्हणतो.

श्रोतेहो, 1948 च्या फार्मसी कायद्याने डॉक्टरच्या चिठ्ठीवर औषध देण्याचे काम नोंदणीकृत फार्मासिस्टचे. पद रिकामे राहिले की एकालाच दोन खिडक्या सांभाळाव्या लागतात. मग फिरण्याचा खर्च कुणाचा? तत्त्व सोपे आहे. घरून मुख्यालयी जाणे आपले. तिथून कामासाठी ठरलेल्या अंतरापलीकडे जाणे कार्यालयाचे. पण ते मागावे लागते : लेखी आदेश, दैनंदिनीत तारीख, वेळ, किलोमीटर आणि मुदतीत प्रवास भत्त्याचे देयक. भाच्याचे पहिले देयक आदेशाच्या प्रतीवाचून परत आले. कंटाळून पुढचे त्याने भरलेच नाही.

पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा रस्ता तुटल्याची बातमी होते. पेट्रोलवाचून बंद राहिलेल्या खिडकीची होत नाही. तापाची गोळी न घेता परतलेली म्हातारी कोणत्याच देयकात दिसत नाही.

मी भाच्याला एक वही दिली. म्हटले, ‘बेटा, आजचे किलोमीटर आजच लिही.’